बांधावरील घुशी व उंदीर आणि त्यांस धरण्याची रीत

शेतकरी बंधूंस उंदराची ओळख करून देण्याचे काही कारण नाही. तथापि ज्या प्राण्याशी आपला नित्याचा संबंध येतो, त्याच्याविषयी आपण पुष्कळदा सर्वांत कमी विचार करतो, असा माझा महसूल खात्यातील नोकरीचा अनुभव आहे. कयाधू नदी सेनगाव, हिंगोली व कळमनुरी या तालुक्यांतून वाहत जाऊन पुढे पैनगंगेस मिळते. तिच्या काठी लव्हाळे, पाणकणीस व बेशरमाची झुडपे यांनी भरलेल्या पाणथळ पट्ट्या आहेत, आणि त्यांना लागूनच आपली गव्हाची, हरभऱ्याची, उसाची व हळदीची शेते आहेत. या पट्ट्यांत व शेतांच्या बांधांत घुशींची व उंदरांची वस्ती असते. ती वस्ती केवळ दाणे खाऊन थांबत नाही, बांधही खाते. बांध गेला म्हणजे पाणी जाते, माती जाते आणि कित्येकदा शेजाऱ्याशी असलेला सलोखाही जातो. हे कसे घडते ते प्रथम एका उदाहरणाने सांगतो.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन (१ मे १९९९) काही वर्षे लोटल्यानंतरची ही गोष्ट. कयाधूकाठच्या एका गावी दोघा चुलत भावांची शेते एकमेकांस लागून होती. वरच्या शेतात गहू उभा होता व त्यास शेवटचे पाणी चालू होते. खालच्या शेतात काढलेला हरभरा गंजी घालून ठेवला होता. रात्री मधला बांध फुटला, पाणी खाली उतरले आणि हरभऱ्याची गंजी बुडाली. सकाळी खालच्या भावाने उघड म्हटले की, हा बांध थोरल्याने जाणूनबुजून फोडला. थोरल्यानेही उलट उत्तर केले. प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात असता आम्ही पंचनाम्यास गेलो. पंचांमध्ये एक वयोवृद्ध वडार गृहस्थ होते. त्यांनी खाली वाकून भगदाड पाहिले व म्हणाले, "सायब, कुदळीनं फोडलेला बांध वरून रुंद असतो. ह्यो तर खालून रुंद हाय." त्यांच्या सांगण्यावरून बांध चार हात उकरला. आत एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत गेलेले भुयार निघाले, आणि त्याच्या फाट्यावर एक कोठी निघाली. त्या कोठीत गव्हाच्या ओंब्या व हरभऱ्याचे घाटे एकत्र रचलेले होते. चोर एकच होता व त्याने दोन्ही भावांस सारखेच लुटले होते. माझ्या हातातील छापील नमुन्यात घुशीसाठी रकाना नव्हता. मी तो मजकूर शेऱ्यात लिहिला. परंतु त्या दोघांना तो मजकूर दहा वर्षे आधी कळावयास हवा होता, असे मला तेव्हा वाटले व आजही वाटते.

प्राण्यांची ओळख

आपल्या शेतांत सामान्यतः चार प्रकार आढळतात. पहिली मोठी घूस. ही अंगाने दांडगी असून किलोभर वजनाचीही भरते. गावाजवळ, उकिरड्याजवळ व पाण्याच्या काठी ती अधिक राहते. दुसरी शेतातील लहान घूस, जिला कित्येक ठिकाणी काळा उंदीरही म्हणतात. ही साधारण पाव किलो वजनाची, आखूड तोंडाची व अंगावर राठ केस असलेली असते. बांध पोखरणारी मुख्यतः हीच होय. ती उत्तम पोहते, म्हणून नदीकाठ तिला मानवतो. तिसरा लांब शेपटीचा हरणउंदीर. याच्या शेपटीच्या टोकास केसांचा झुबका असतो व तो कोरड्या, उंचवट्याच्या जागी राहतो. चौथा मऊ केसांचा लहान शेतउंदीर. हा जमिनीच्या भेगांतही संसार थाटतो, आणि काळ्या जमिनीत भेगांस तोटा नाही.

इंग्रजीत घुशीस जो 'बँडिकूट' शब्द आहे, तो आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेतील 'पंदिकोक्कु' या शब्दावरून गेला आहे. त्याचा अर्थ डुकरासारखा उंदीर. ज्याने घुशीस जमीन उकरताना पाहिले आहे, त्यास हे नाव किती नेमके आहे ते सांगावयास नको.

येथे एक सूचना करणे जरूर आहे. चिचुंद्री ही उंदीर नव्हे. तिच्या अंगास उग्र वास येतो, तोंड लांब व निमुळते असते आणि ती प्रामुख्याने किडे खाते. तिला उंदीर समजून मारणारा शेतकरी आपल्याच चाकरास मारतो.

नुकसानीचे स्वरूप

प्रौढ शेतउंदीर दिवसास सुमारे पंचवीस ग्रॅम अन्न खातो. वर्षाचा हिशेब केला तर एकट्याचे नऊ किलो होतात. परंतु खाण्यापेक्षा त्याची नासधूस अधिक. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठी त्यास सतत काही ना काही कुरतडावे लागते. म्हणून तो ऊस बुडाशी कुरतडून पाडतो, गव्हाचे ताट कापून ओंबी नेतो व ठिबकच्या नळ्याही फोडतो. लहान घूस तर खाऊन उरलेले धान्य बिळातील कोठ्यांत साठविते. सुगीनंतर सरवा वेचणारी गरीब माणसे अशा कोठ्या उकरून धान्य काढीत, हे जुन्या लोकांच्या पाहण्यातील आहे.

वंशवृद्धीविषयी म्हणाल, तर घुशीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा. एका वेतास सहा-आठ पिले होतात व ती पिले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्यायोग्य होतात. यावरून ध्यानात येईल की, ज्येष्ठात सोडलेली एक जोडी पौषापर्यंत केवढे कुटुंब होते.

बांधाचे नुकसान मात्र वेगळ्या रीतीने होते. भुयार कोरडे असते तोवर बांध उभा दिसतो. पाणी सोडल्यावर ते भुयारात शिरते, आतील माती विरघळून वाहू लागते, पोकळी रुंदावते आणि शेवटी वरचा भाग खाली बसतो. शेताचा बांध असो, पाटाचा काठ असो की वसमतकडील पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचा भराव असो, मोडण्याची रीत हीच. 'डोंगर पोखरून उंदीर काढला' अशी आपल्यात म्हण आहे. येथे उंदीरच डोंगर पोखरतो व आपणास ते शेवटी कळते.

जागती बिळे ओळखणे

उपायास लागण्यापूर्वी कोणत्या बिळात वस्ती आहे ते समजले पाहिजे. लहान घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो व पुष्कळदा तोंड त्याच मातीने बंद केलेले असते. हरणउंदराचे तोंड उघडे असते. याशिवाय गवतात पडलेली अरुंद पायवाट, ताज्या लेंड्या व कुरतडलेली ताटे या खुणा पाहाव्यात. खात्रीची रीत अशी की, सायंकाळी बांधावरील सर्व बिळे ओल्या मातीने लिंपून टाकावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जागती बिळे होत. त्यांच्याजवळ काडी रोवून मोजदाद करावी. मोजणी न करता काम करणारा मनुष्य, सात-बारा न पाहता जमीन घेणाऱ्यासारखा होय.

वेळ कोणती?

बहुतेक शेतकरी पीक पोसल्यावर उंदरांच्या मागे लागतात. तेव्हा शेतभर खाणे पसरलेले असते, म्हणून पिंजऱ्यातील आमिषास कोणी विचारीत नाही. उत्तम वेळ उन्हाळ्याची, म्हणजे मृग लागण्यापूर्वीचा महिना-दीड महिना. त्या वेळी शेत मोकळे असते, बिळे उघडी दिसतात, खाणे दुर्मिळ असते व वस्तीही कमी असते. तेव्हा धरलेली एक घूस ही पुढील कुटुंबच धरल्यासारखी आहे. दुसरी वेळ खरीप निघून रब्बीची पेरणी होते तेव्हाची. या दोन वेळा साधल्यास हिवाळ्यात धावपळ करावी लागत नाही.

धरण्याच्या रीती

पिंजरा. तारेचा पिंजरा सर्वांत निर्धोक. तो बांधाच्या कडेस, उंदराच्या पायवाटेला समांतर व बिळापासून दोन-तीन हातांवर ठेवावा. वर गवत टाकून थोडा झाकावा. आमिष म्हणून तेल लावलेला भाकरीचा तुकडा, खोबरे, भजे किंवा भिजविलेले हरभरे चालतात. पुष्कळांची चूक अशी होते की, ते पहिल्याच रात्री पिंजरा लावून ठेवतात. उंदीर नव्या वस्तूस फार बिचकतो. दोन-तीन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवावे व आमिष खुशाल खाऊ द्यावे. तो निर्धास्त झाला म्हणजे चौथ्या रात्री दार लावावे. रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी पिंजरे पाहावेत. जीव घ्यावयाचाच असेल तर तो ताबडतोब घ्यावा. उन्हात तडफडत ठेवणे हे शेतकऱ्याच्या मनुष्यपणास शोभत नाही. धरलेला उंदीर दुसऱ्याच्या शिवारात सोडून देणे हाही उपाय नव्हे, ती केवळ उपद्रवाची बदली आहे.

चाप. स्प्रिंगचा लाकडी चाप लहान उंदरांस पुरतो. तो पत्र्याच्या अथवा खापराच्या आडोशाखाली ठेवावा, म्हणजे पाखरे सापडणार नाहीत. तमिळनाडूतील तंजावर भागात भातशेतकरी बांबूच्या कामट्यांचे धनुष्यासारखे चाप लावतात. खर्च अल्प व काम चोख, अशी त्यांची ख्याती आहे.

मडके. गुळगुळीत आतल्या अंगाचे मडके तोंड जमिनीबरोबर येईल असे पुरावे, निम्मे पाणी घालावे व काठास आतून आमिष चोपडावे. लहान उंदीर यात पडतात. मोठ्या घुशीस हे पुरत नाही. यातही बेडूक पडतात, म्हणून सकाळी पाहणी चुकवू नये.

उकरणे व धूर. ही जुनी रीत. सर्व तोंडे शोधून एक सोडून बाकीची बंद करावीत. तळाशी भोक पाडलेल्या मडक्यात गोवरी व ओला पेंढा पेटवून धूर बिळात फुंकावा. बाहेर पडणारा प्राणी जाळ्यात धरावा. हे काम गवत वाळलेले असता व वारा सुटला असता करू नये. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात बिळात पाणी ओतण्याचा उपयोग होत नाही. पाणी भेगांनी निघून जाते. बिळे उकरण्याचे कसब वडार समाजातील वृद्धांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कोठे बीळ वळते व कोठे कोठी लागते, ते त्यांच्या पहारीस कळते. त्यांस योग्य मजुरी देऊन बोलवावे व त्यांचे म्हणणे ऐकावे. उकरून झाल्यावर बांध थर देऊन, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा. सैल टाकलेली माती म्हणजे पुढील घुशीस दिलेले निमंत्रण.

फासे व विजेची तार. बांधावर तारेचे फासे लावू नयेत. त्यांत रानमांजर, मुंगूस, घोरपड सापडतात व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते गुन्ह्यास पात्र होते. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे तर माणसाच्या जिवावर बेतते. रात्री पाणी द्यावयास निघालेला आपलाच मुलगा त्या तारेस लागू शकतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे कायदा सांगण्याची गरज उरत नाही.

विषाविषयी

जेथे वस्ती फार वाढली असेल तेथे विषाचा आश्रय करावा लागतो. परंतु ते शेवटचे हत्यार समजावे. झिंक फॉस्फाइडची रीत अशी. प्रथम दोन-तीन दिवस जागत्या बिळांत तेल लावलेले भरडधान्य विषाशिवाय ठेवावे. नंतर शहाण्णव भाग भरड, दोन भाग तेल व दोन भाग विष असे मिश्रण काठीने कालवून, दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या बिळात खोल सारून तोंड लिंपावे. पहिल्या पायरीस फाटा दिला तर उंदीर थोडे खातो, पोट दुखू लागते, तो बचावतो व पुन्हा त्या आमिषास तोंड लावीत नाही. हे विष पोटातील आम्लाने फॉस्फीन नावाचा वायू सोडते व त्यास उतारा नाही. मनुष्याच्या पोटात गेल्यास घरगुती उपाय न करता, वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

ब्रोमाडिओलोनच्या वड्या तयार मिळतात. या जातीच्या औषधांचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत बुरसलेला गवती चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचे कारण शोधता शोधता विस्कॉन्सिन येथील शास्त्रज्ञांस रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला व त्यावरून १९४८ च्या सुमारास वॉरफरिन हे उंदराचे औषध प्रचारात आले. ब्रोमाडिओलोन त्याच कुळातील आहे. उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून इतरांस संशय येत नाही. यावर व्हिटॅमिन 'के' हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यावयाचा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र शेतकऱ्याने स्वतः हाताळू नयेत, व घरात तर ठेवूच नयेत.

कोणतेही विष उघड्या बांधावर टाकू नये, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये आणि मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा कुत्र्याने खाल्ला म्हणजे आपला राखणदारच जातो.

बिनपगारी राखणदार

गव्हाणी घुबडाची जोडी पिलांच्या दिवसांत दररात्री कित्येक उंदीर घरट्यात नेते. त्याने ओकून टाकलेल्या गोळ्या फोडून पाहिल्यास आत उंदरांची हाडे व कवट्या सापडतात. पुराव्यासाठी याहून चांगला पंच कोणता? तरीही अशुभ म्हणून आपण त्यास दगड मारतो. शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे रोवावेत व बांधावरील जुनी ढोलीची झाडे तोडू नयेत. धामण हा बिनविषारी साप उंदरांचा मोठा शत्रू आहे, त्यास मारू नये. घुबड, धामण व मुंगूस यांस कायद्याचेही संरक्षण आहे.

आरोग्याची काळजी

मुंबईत १८९६ साली आलेल्या प्लेगच्या कथा आपल्या पणज्यांनी ऐकल्या होत्या. उंदरावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराची येथे प्रयोगाने दाखविले. हा रोग फार जुना झाला असे मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढील वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला. सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर वाढले, हे त्याचे एक कारण मानले गेले. म्हणून कारण नसता एकाएकी उंदीर पडू लागले तर ते विष घातल्याने मेले असे गृहीत न धरता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. उंदराच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायास जखम असता चिखलात उतरू नये, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, व पाणथळात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी अथवा डोळे लाल होणे असे झाल्यास डॉक्टरांस आपला व्यवसाय सांगावा.

एकट्याचे काम नव्हे

युरोपात एक उदाहरण घडले आहे. मस्करॅट हा उत्तर अमेरिकेतील पाणथळीचा, घुशीसारखाच काठ पोखरणारा प्राणी. १९०५ साली प्रागजवळ त्याच्या मोजक्या जोड्या हौसेने सोडण्यात आल्या. त्यांची संतती देशोदेशी पसरली व १९४१ साली नेदरलँड्समध्ये पोहोचली. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली असून मातीच्या बांधांवर जगतो. तेथे प्रत्येक शेतकऱ्याने आपापला उंदीर धरावा, असे कोणी म्हटले नाही. पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या सार्वजनिक मंडळांनी पगारी सापळेवाले नेमले, कारण बांध फुटला तर तो कोणा एकाच्या शेतात फुटत नाही.

आपल्याकडे दोष येथेच आहे. घुशीस राहण्यास शेताच्या मध्यापेक्षा बांध आवडतो, कारण तेथे नांगर फिरत नाही. आणि बांध सामाईक म्हणून दोन्ही शेजारी तिकडे पाहत नाहीत. 'त्याने आधी धरावे' असे दोघेही म्हणतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची सभा आपल्यात भरते ती उंदरांची नव्हे, शेतकऱ्यांची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये आपल्या जमिनीच्या हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी खातेदारावर आहे. पोखरलेल्या बांधावर निशाणी टिकत नाही, आणि निशाणी ढळली की मोजणीचा अर्ज व त्यामागून वाद येतो. असे किती वाद घुशीपासून निघाले असतील, ते कागदावरून सांगता यावयाचे नाही. मी पाहिलेले मात्र एकाहून अधिक आहेत.

एका शेतातील घुशी काढल्या व शेजारच्या राहिल्या, तर थोड्याच काळात रिकामी बिळे पुन्हा भरतात. म्हणून नदीकाठच्या पट्टीतील सर्व खातेदारांनी उन्हाळ्यात एक आठवडा ठरवावा. पहिल्या सायंकाळी सर्वांनी बिळे लिंपावीत, दुसऱ्या सकाळी मोजदाद करावी, पिंजरे सामाईक वर्गणीतून घ्यावेत व ते एकाच वेळी लावावेत. शेवटी पुन्हा बिळे लिंपून जागती किती उरली ते लिहून ठेवावे. पुढील वर्षी तो आकडा पाहिला म्हणजे काम झाले की नाही ते समजेल.

आरंभी सांगितलेल्या दोघा भावांनी त्या दिवशी एकमेकांशी बोलणे केले नाही. परंतु बांध भरावयास दोघेही आले. एकाने माती टाकली व दुसऱ्याने धुम्मस चालविला. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या बाजूस गेलो, तेव्हा त्या बांधावर दोन पिंजरे मांडलेले दिसले. एक पिंजरा थोरल्याच्या अंगास होता, दुसरा धाकट्याच्या अंगास. दोन्हींत आमिष मात्र एकाच घरच्या भाकरीचे होते.